समित्या चार, टेन्युअर एकच

पत्र थोडक्यात असं:

"मी मूळची सांगलीची. पीएचडी समाजशास्त्रात, विषय उच्चशिक्षण. गेल्या वर्षी दक्षिण टेक्सासमधल्या एका सरकारी विद्यापीठात टेन्युअर-ट्रॅक (पुढे टेन्युअर, म्हणजे कायम नेमणूक मिळू शकेल अशी) असिस्टंट प्रोफेसर म्हणून रुजू झाले. वर्गातली दहातली नऊ मुलं मेक्सिकन वंशाची, बहुतेक जण घरातून कॉलेजात आलेले पहिलेच. मला हेच काम पुढेही करायचंय: हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेल्या) विद्यार्थ्यांच्या उच्चशिक्षणावर संशोधन आणि त्यांच्या हक्कांची बाजू मांडणं. पण पहिल्याच वर्षी मला चार समित्यांवर घातलं. आता विद्यार्थी-मार्गदर्शन उपक्रमाचं संचालकपदही देऊ करताहेत. नाही म्हटलं तर मुलांकडे पाठ फिरवल्यासारखं वाटतं. टेक्सासच्या नव्या कायद्यांमुळे काय बोलावं तेही कळत नाही. शिवाय मी ना हिस्पॅनिक, ना अमेरिकन. मला या कामात जागा आहे का? नवरा डॅलसला आहे. तो म्हणतो, सोड हे सगळं आणि इकडे कंपनीत नोकरी घे."

सप्रेम नमस्कार,

तुम्ही न विचारलेला प्रश्न आधी घेतो, कारण त्याला मुदत आहे. विद्यापीठाने तुमच्या ग्रीन कार्डासाठी 'पर्म' अर्ज, म्हणजे श्रम खात्याच्या मान्यतेचा अर्ज, भरला आहे का? कॉलेजात शिकवणाऱ्यांना यात एक खास सवलत आहे. आलेल्या अर्जदारांत तुम्ही सर्वांत योग्य होतात, एवढं विद्यापीठाने दाखवलं की पुरतं. एरवी किमान पात्रतेचा एकही अमेरिकन उमेदवार मिळाला नाही हे सिद्ध करावं लागतं, आणि समाजशास्त्रात ते जवळपास अशक्य आहे. ही सवलत निवडीच्या तारखेपासून फक्त १८ महिने चालते. रुजू झाल्याची तारीख इथे धरत नाहीत. मार्चमध्ये निवड आणि ऑगस्टमध्ये रुजू असा क्रम असेल, तर मुदत पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात संपते. गडबड बहुतेक वेळा अशी होते की विभागाला वाटतं एचआर भरेल आणि एचआरला वाटतं विभाग सांगेल. मूळ जाहिरात राष्ट्रीय पातळीच्या व्यावसायिक नियतकालिकात छापून आली होती का, किंवा त्याच्या संकेतस्थळावर किमान ३० दिवस होती का, आणि त्याचा पुरावा जपला आहे का, हेही आजच विचारा. भारतात जन्मलेल्यांची रांग लांब आहे हे खरं. पण आय-१४० (त्यानंतरचा, विद्यापीठानेच भरायचा अर्ज) मंजूर झाला की रांगेतली तुमची तारीख पक्की होते आणि एच-१बी व्हिसा सहा वर्षांपलीकडे वाढवता येतो.

डॅलसचाही हिशोब इथेच उरकू. विद्यापीठाचा एच-१बी लॉटरीबाहेरचा असतो. कंपनीत जायचं तर मार्चमध्ये नोंदणी, मग लॉटरी, आणि नंबर लागलाच तर ऑक्टोबरपासून नोकरी. म्हणजे वैतागलेल्या एखाद्या सेमिस्टरच्या शेवटी 'चला, जाऊ' म्हणून घेण्याचा हा निर्णय नाही. कुटुंब दोन गावांत ठेवायचं की नाही, ते तुम्ही दोघांनी ठरवा. त्यात आम्ही पडत नाही.

आता मूळ प्रश्न. संचालकपद आज ज्या रूपात देऊ केलंय त्या रूपात घेऊ नका. चारपैकी दोन समित्या सोडा. वाचलेले तास एकाच चौकशीत घाला: तुमच्या विद्यापीठात मुलं नेमकी कुठे गळतात आणि का. मुलांच्या हक्कांची वकिली, तुमचे लेख आणि टेन्युअरची फाइल, तिन्ही याच एका कामातून उभी राहू शकतात. समित्यांमधून तिन्हींपैकी एकही उभं राहत नाही.

असं का म्हणतो, त्यासाठी तुम्ही जिथे शिकवता त्या भागाचा इतिहास बघा. १९८७ मध्ये 'मॅल्डेफ' या मेक्सिकन-अमेरिकन हक्कांसाठी लढणाऱ्या वकिलांच्या संस्थेने टेक्सास सरकारवर खटला भरला. 'लूलॅक विरुद्ध रिचर्ड्स' (वादी संघटना आणि राज्याच्या गव्हर्नर) या नावाने तो ओळखला जातो. मुद्दा भावनेचा नव्हता, आकड्यांचा होता. राज्यातले सुमारे २० टक्के लोक मेक्सिकोच्या सरहद्दीलगतच्या भागात राहत होते, पण सरकारी विद्यापीठांवरच्या खर्चातला सुमारे १० टक्केच तिकडे जात होता. राज्यातल्या सुमारे ५९० पीएचडी अभ्यासक्रमांपैकी सरहद्दीवर फक्त ३. सरहद्दीवरच्या ब्राउन्सव्हिल शहराच्या न्यायालयात वादी जिंकले, आणि १९९३ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला. कागदावर खटला हरला. पण तो चालू असतानाच विधिमंडळाने सरहद्दीवरच्या विद्यापीठांसाठी खास निधी सुरू केला, नवे अभ्यासक्रम आणि इमारती आल्या. २०१५ मध्ये दोन जुनी विद्यापीठं एकत्र करून रिओ ग्रांदे व्हॅलीत (टेक्सासच्या दक्षिण टोकाच्या सरहद्दीच्या भागात) नवं विद्यापीठ उघडलं ते याच्या खूप नंतर, पण वाट त्या आकड्यांनी पाडलेली होती. तिथल्या राजकारणात संशोधकाची जागा ही अशी असते.

आपल्याकडच्या वाचकांची एक गल्लत होते, म्हणून सांगतो. 'हिस्पॅनिक सर्व्हिंग इन्स्टिट्यूशन' हे आरक्षण नाही. पदवीच्या पूर्णवेळ-समतुल्य विद्यार्थ्यांत किमान २५ टक्के हिस्पॅनिक असतील, गरजू विद्यार्थी पुरेसे असतील आणि दर विद्यार्थी खर्च तुलनेने कमी असेल, तर संस्था पात्र ठरते. पात्र ठरली म्हणून पैसे मिळत नाहीत, त्यासाठी वेगळी स्पर्धा असते. १९९२ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने (संसदेने) या संस्थांना कायद्यात स्थान दिलं, १९९८ मध्ये त्यांच्यासाठी 'टायटल फाइव्ह' हे स्वतंत्र प्रकरण आलं. अशा संस्था आज सहाशेच्या आसपास आहेत. कुणालाही जागा राखून ठेवलेली नसते. विद्यार्थी आधीच तिथे आहेत, प्रश्न त्यांना मिळणाऱ्या शिक्षणाचा आहे. तुमच्या लेखांत किंवा भाषणांत 'कोटा' हा शब्द चुकूनही येऊ देऊ नका. विरोधक तोच शोधत असतात. आणखी एक बारकावा: पूल ओलांडून मेक्सिकोतून रोज येणारा, विद्यार्थी व्हिसावरचा मुलगा सरकारी आकडेवारीत 'हिस्पॅनिक' रकान्यात नसतो, 'अनिवासी' रकान्यात असतो. सरहद्दीवर ही संख्या दुर्लक्ष करण्यासारखी नाही. ती विसरलात तर तुमची टक्केवारी आणि विद्यापीठाची टक्केवारी जुळणार नाही, आणि पहिल्याच बैठकीत तुमचा अहवाल बाजूला पडेल.

चौकशी अशी करा. विद्यापीठाच्या संस्थात्मक संशोधन कार्यालयाकडून गेल्या ५ वर्षांतल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या ८-१० मोठ्या विषयांचे निकाल मागा: कॉलेज अल्जिब्रा, स्टॅटिस्टिक्स, जनरल केमिस्ट्री, अ‍ॅनाटॉमी, इंग्रजी निबंधलेखन, अमेरिकन इतिहास. प्रत्येक तुकडीत डी (काठावर), एफ (नापास) आणि डब्ल्यू (विषय मध्येच सोडलेला) मिळून किती टक्के, हे बघायचं. मागणी लेखी आणि नेमकी असू द्या: कोणते रकाने, कोणत्या टर्म, १० पेक्षा कमी विद्यार्थी असलेले गट झाकून. आयआरबीचा, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीचा, निर्णय आधी घ्या. 'हे तर अंतर्गत मूल्यमापन आहे' असं म्हणून काम सुरू केलं आणि वर्षभराने लेख लिहायला बसलं, तर मागच्या तारखेची परवानगी कुणी देत नाही. मग वर्षभराचं काम कपाटात.

इथे बहुतेक नवे संशोधक एका ठिकाणी अडखळतात. ते हिस्पॅनिक विरुद्ध बिगर-हिस्पॅनिक अशी तुलना करतात. जिथे नव्वद टक्के मुलं हिस्पॅनिक आहेत तिथे ही तुलना काहीच सांगत नाही. उरलेले दहा टक्के कोण? प्राध्यापकांची मुलं, परदेशी विद्यार्थी, खेळाडू. फरक गटाच्या आत शोधा. पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना केंद्र सरकारची मदत) आहे का, आईवडिलांपैकी कुणी पदवीधर आहे का, कम्युनिटी कॉलेजातून (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजातून) आला का, किती तास नोकरी करतो, तुकडी सकाळी आठची की संध्याकाळची, शिकवणारा कायम की तासिका तत्त्वावरचा. शेवटच्या रकान्यात व्यक्तींची नावं दिसता कामा नयेत. ती दिसली की चर्चा गणितावरून माणसांवर घसरते आणि तुम्ही विभागाच्या शत्रू ठरता.

टेक्सासचे दोन नियम माहीत नसले तर आकड्यांचा अर्थच चुकतो. २००७ च्या शरद सत्रापासून राज्यातल्या विद्यार्थ्याला सगळ्या पदवीकाळात मिळून सहाच विषय सोडता येतात. त्यामुळे ज्याने तीन-चार डब्ल्यू आधीच वापरलेत तो बुडत असूनही विषय सोडत नाही आणि एफ घेतो. वरून पाहिलं तर वाटतं, या विषयात मुलं विषय सोडत नाहीत, छान! दुसरा प्रश्न शाळेतच मिळवलेल्या कॉलेज क्रेडिटचा. व्हॅलीतली कितीतरी मुलं बारावीलाच ३० ते ६० क्रेडिट घेऊन येतात. ती विद्यापीठाने स्वीकारली आणि निवडलेल्या पदवीत बसली नाहीत, तरी केंद्र सरकारच्या अर्थसाहाय्याच्या कमाल मर्यादेत बऱ्याच ठिकाणी मोजली जातात. १२० क्रेडिटच्या पदवीला ही मर्यादा १८० आहे. मुलगी चौथ्या वर्षी नर्सिंगकडे वळते आणि मदत बंद होऊ शकते. 'या मुलांना शिक्षणाची किंमत नाही' म्हणणाऱ्यांना हा हिशोब दाखवण्याइतकी परिणामकारक वकिली दुसरी नाही.

क्रेडिट कुठे वाया जातात, यावर जवळच्या कम्युनिटी कॉलेजशी मिळून काम करा. २०२३ च्या 'हाऊस बिल ८' नंतर टेक्सासच्या कम्युनिटी कॉलेजांना निधी बऱ्याच अंशी निष्पत्तीवर मिळतो, आणि १५ क्रेडिट घेऊन सरकारी विद्यापीठात जाणारा विद्यार्थी ही त्यातली एक निष्पत्ती आहे. म्हणजे त्यांनाही यात पैशाचा रस आहे. मोफत उत्साहावर चालणाऱ्या भागीदाऱ्या दुसऱ्या वर्षी मरतात, अशा हिताच्या भागीदाऱ्या टिकतात.

आता समित्या. तुमच्या नेमणुकीत कामाची वाटणी लिहिलेली असेल, बहुधा संशोधन ४०, अध्यापन ४०, सेवा २० टक्के. आठवडा ४५ तासांचा धरला तर सेवेला ९ तास येतात. सध्याच्या चार समित्यांचे खरे तास एक महिना लिहून ठेवा, वाचन आणि ईमेलसकट. उमेदवार निवडीची एक समिती धरली तरी एका सत्रात ६०-८० तास जातात असं धरून चला. हा कागद हातात असला की बोलणं सोपं होतं, कारण मग तुम्ही तक्रार करत नसता, हिशोब देत असता. मानसशास्त्रज्ञ अमादो पडिया यांनी १९९४ मध्ये या प्रकाराला 'सांस्कृतिक कर' म्हटलं: अल्पसंख्य प्राध्यापकावर प्रत्येक समितीत प्रतिनिधी म्हणून बसण्याचं ओझं पडतं आणि बढतीच्या वेळी ते कुणी मोजत नाही. तुम्ही हिस्पॅनिक नसलात तरी तो तुम्हालाही भरावा लागतोय. समितीत 'वेगळा चेहरा' हवा असतो, आणि तो तुमचा आहे.

कोणती समिती ठेवायची? जिथे अभ्यासक्रम किंवा क्रेडिटचे नियम ठरतात ती. तिथलं एक मत शेकडो मुलांच्या वाटेवर परिणाम करतं, आणि चौकशीसाठी लागणारी माणसंही तिथेच भेटतात. स्वागतसमारंभ, १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरचा हिस्पॅनिक वारसा महिना, फलक आणि फराळ हे बिनदिक्कत सोडा. जायचं तर प्रेक्षक म्हणून जा.

संचालकपद वाईट नाही, पण विनाअट घेतलं तर वाईट. हव्या असलेल्या गोष्टी चार: दर सत्रात शिकवण्यातून एका विषयाची सूट, उन्हाळ्यातल्या कामाचा पगार (करार ९ महिन्यांचा असेल तर दर महिन्याला वार्षिक पगाराचा नववा भाग), आठवड्याला २० तासांचा एक पदव्युत्तर सहायक, आणि हे काम वार्षिक मूल्यमापनात कोणत्या रकान्यात मोजलं जाईल याचं विभागप्रमुख आणि डीन या दोघांच्या सहीचं पत्र. पत्र नसेल तर बाकीचं काही नाही. विभागप्रमुख तीन-चार वर्षांत बदलतात आणि नवा माणूस तोंडी शब्द पाळायला बांधील नसतो. उपक्रमाचा डेटा संशोधनासाठी वापरायची मुभाही त्याच पत्रात घ्या.

टेन्युअरच्या फाइलचा विचार आजपासून करा. साधारण वेळापत्रक असं: तिसऱ्या वर्षी अंतर्गत परीक्षण, पाचव्या वर्षाच्या शेवटी किंवा उन्हाळ्यात फाइल बाहेरच्या परीक्षकांकडे, सहाव्या वर्षी निर्णय. बाहेरची पत्रं पाच-सहा लागतात, आणि सहलेखक किंवा पीएचडीचे मार्गदर्शक चालत नाहीत. म्हणजे ज्यांनी तुमचं काम वाचलंय पण ज्यांच्याबरोबर तुम्ही काम केलेलं नाही, अशी माणसं पाच वर्षांत तयार व्हायला हवीत. त्यासाठी दोन परिषदा ठरवून धरा. उच्चशिक्षण संशोधकांची 'आशे' नोव्हेंबरात असते, शैक्षणिक संशोधकांची 'एरा' वसंतात असते आणि तिच्यात हिस्पॅनिक प्रश्नांवरचा स्वतंत्र गट आहे. 'आही' ही हिस्पॅनिक प्राध्यापकांची संघटना तरुण प्राध्यापकांसाठी फेलो कार्यक्रम चालवते, तिच्या अटी वाचा. लेखांची विभागणी सांभाळा. 'जर्नल ऑफ हिस्पॅनिक हायर एज्युकेशन' किंवा 'जर्नल ऑफ लॅटिनोज अँड एज्युकेशन' ही नियतकालिकं या विषयाची आहेत आणि तिथे छापून यायलाच हवं. पण सगळंच तिथे आलं तर कॉलेजच्या टेन्युअर समितीतला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक 'विषय फार अरुंद आहे' असं लिहितो. ते अन्यायाचं आहे आणि ते होतं. दोन तरी लेख सर्वसाधारण उच्चशिक्षणाच्या नियतकालिकांत न्या. त्याच आकड्यांवर एक लेख क्रेडिटच्या गळतीचा, दुसरा सहा-विषय नियमाचा, तिसरा संध्याकाळच्या तुकड्यांचा, असं होऊ शकतं.

संकल्पनांच्या बाजूने जीना अ‍ॅन गार्सिया यांची २०१७ ची मांडणी तुम्हाला माहीत असेलच: हिस्पॅनिक विद्यार्थी फक्त भरती करणारी संस्था, पदवीधर घडवणारी, सांस्कृतिक जाणीव वाढवणारी, आणि खऱ्या अर्थाने सेवा देणारी. आपल्या विद्यापीठाला त्यातल्या एका खणात टाकून मोकळं होऊ नका. विभागागणिक खण बदलतो, आणि तुमच्या लेखाची जागा तिथेच आहे.

वर्गातलं फार सांगत नाही, तुम्हाला ते जमतंय असं पत्रावरून दिसतं. दोनच गोष्टी. लॉरा रेंडॉन यांनी १९९४ मध्ये दाखवून दिलं की घरातून पहिल्यांदा आलेला विद्यार्थी आपणहून दार ठोठावत नाही, पहिलं पाऊल शिक्षकाने आणि पहिल्या काही आठवड्यांतच उचलायचं असतं. म्हणून ऑफिस अवर्समध्ये, म्हणजे भेटीसाठी ठेवलेल्या वेळेत, मुलं येतील याची वाट पाहत बसू नका. पहिल्या तीन आठवड्यांत प्रत्येकाची १० मिनिटांची भेट अभ्यासक्रमातच घाला, तिला २ टक्के गुण द्या, आणि निम्म्या वेळा संध्याकाळी सातनंतर ऑनलाइन ठेवा, कारण दुपारी ती कामावर असतात. दुसरी गोष्ट स्पॅनिशची. शिकला असाल तर उत्तम, पण संभाषण तुम्ही स्पॅनिशमध्ये सुरू करू नका. नोव्हेंबर १९६८ मध्ये व्हॅलीतल्या एडकाउच-एल्सा शाळेच्या मुलांनी वर्ग सोडले, तेव्हा शाळेत स्पॅनिश बोललं म्हणून होणारी शिक्षा थांबवा, ही त्यांची एक मागणी होती. त्या पिढीतल्या अनेकांनी घरात मुलांशी इंग्रजीच धरली. तुमच्या वर्गातली अर्धी मुलं कदाचित आजीशी नीट बोलता येत नाही म्हणून संकोचलेली असतील, आणि परदेशातून आलेल्या बाईंचं व्याकरणशुद्ध स्पॅनिश त्यात भर घालेल. त्यांनी सुरू केलं की बोला, आणि त्यांचं स्पॅनिश सुधारू नका. पालकांशी बोलताना मात्र ते मनसोक्त वापरा.

कायद्याचं भय थोडं खरं आहे, बरंचसं धुक्याचं. 'सिनेट बिल १७' १ जानेवारी २०२४ पासून लागू आहे. सरकारी विद्यापीठांत विविधता-समावेशनाची कार्यालयं, त्याविषयीची निवेदनं मागणं, सक्तीची प्रशिक्षणं आणि वंशावर आधारलेलं प्राधान्य यांना त्याने मनाई केली. पण त्याच कायद्यात अपवाद लिहिलेले आहेत: वर्गातलं अध्यापन, संशोधन, विद्यार्थी संघटनांचे उपक्रम, थोड्या काळासाठी आलेले पाहुणे वक्ते, आकडेवारी गोळा करणं, आणि वंश-लिंग न पाहता शैक्षणिक यश वाढवण्यासाठी आखलेले उपक्रम. तुमची चौकशी संशोधनात बसते. मार्गदर्शन उपक्रम सर्वांना खुला ठेवा. घरातून पहिले किंवा पेल ग्रँटवरचे असा निकष चालतो, आणि तुमच्याकडे त्यात तीच मुलं येतात. घसरतं ते पत्रकावर. उपक्रम सर्वांना खुला असतो आणि पोस्टरवर मात्र एका वंशाचं नाव असतं. शंका आली तर विद्यापीठाच्या कायदा विभागाला 'हे चालेल का?' असं मोघम विचारू नका, मोघम प्रश्नाला 'नको' हेच उत्तर येतं. उपक्रमाचं एक पानी वर्णन जोडा, कायद्यातला अपवाद दाखवा आणि हो-नाही विचारा. २०२५ च्या 'सिनेट बिल ३७' ने मूलभूत अभ्यासक्रमावर नियामक मंडळाची पकड वाढवली आहे, म्हणून तुमचा आवडता विषय फक्त मूलभूत अभ्यासक्रमातच असेल तर तो विभागाच्या ऐच्छिक यादीतही नोंदवून ठेवा.

विद्यार्थ्याच्या स्थलांतर-कागदपत्रांबद्दल विचारू नका, त्याने सांगितलं तरी लिहू नका. सरकारी विद्यापीठाचा ईमेल टेक्सासच्या माहिती कायद्याखाली मागवता येतो, आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखाच. विद्यार्थ्यांच्या नोंदींना १९७४ च्या 'फर्पा' कायद्याचं संरक्षण आहे, पण जी नोंद नाहीच तिला संरक्षणही लागत नाही. जून २०२५ मध्ये टेक्सासमध्ये कागदपत्रं नसलेल्या विद्यार्थ्यांची राज्यदराची (रहिवाशांना लागणारी कमी) फी न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली. तेव्हापासून मुलं असे प्रश्न घेऊन येतील. त्यांना अर्थसाहाय्य कार्यालयाकडे आणि विनामूल्य कायदेशीर मदत देणाऱ्यांकडे पाठवा, स्वतः सल्ला देऊ नका.

राज्याच्या राजधानीत, ऑस्टिनला जाऊन विधिमंडळापुढे बाजू मांडायची तर नियम साधे आहेत. सरकारी निधी, कामाचा वेळ, विद्यापीठाचा ईमेल किंवा लेटरहेड वापरून विधेयकासाठी खटपट करता येत नाही. रजा टाकून, स्वतःच्या नावाने साक्ष देता येते. प्रतिनिधिगृहाच्या समितीत नोंद करताना 'बाजूने', 'विरोधात' आणि नुसतं 'विषयावर' असे तीन पर्याय असतात. तुम्ही तिसरा घ्या आणि दोन-तीन मिनिटांत तीन आकडे सांगा. अधिवेशन विषम वर्षी जानेवारीपासून १४० दिवस चालतं. त्याहून दुर्लक्षित आणि आमच्या मते जास्त उपयोगाची जागा म्हणजे राज्याच्या उच्चशिक्षण समन्वय मंडळाचे प्रस्तावित नियम. त्यांवर किमान ३० दिवस अभिप्राय मागवतात आणि मोजकीच माणसं लिहितात. ग्रीन कार्ड हाती येईपर्यंत एक पथ्य कडक पाळा: कुठल्याही उमेदवाराला निवडणुकीसाठी एक डॉलरही देऊ नका. परदेशी नागरिकाला ते कायद्याने बंद आहे.

निधीच्या बाबतीत सावध राहा. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने अल्पसंख्याकांच्या संस्थांसाठीच्या योजनांचा सुमारे ३५ कोटी डॉलरचा ऐच्छिक निधी थांबवला. हिस्पॅनिक संस्थांचे कार्यक्रम त्यात होते, आणि २५ टक्क्यांच्या निकषाविरुद्ध टेनेसी राज्याने २०२५ मध्ये खटलाही भरला. टायटल फाइव्हच्या पैशावर तुमची विषय-सूट किंवा सहायकाचा पगार बांधू नका, विभागाच्या कायम निधीतून मागा. चौकशीला खरं तर फार पैसे लागत नाहीत. शिक्षणावरच्या संशोधनाला पैसा देणाऱ्या स्पेन्सर फाउंडेशनचं छोटं अनुदान ५० हजार डॉलरपर्यंत असतं, ते दोन उन्हाळ्यांना पुरून उरतं.

राहिला 'मला जागा आहे का' हा प्रश्न. ज्युलियन समोरा १९५३ मध्ये समाजशास्त्रात पीएचडी झाले, या विषयातले ते पहिले मेक्सिकन-अमेरिकन. ब्राउन्सव्हिलचे अमेरिको परेदेस यांनी ऑस्टिनला १९७० मध्ये मेक्सिकन-अमेरिकन अभ्यास केंद्र उभारायला हातभार लावला. तोमास रिव्हेरा शेतमजुराच्या घरातून आले आणि १९७९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेचे कुलपती झाले. हे घर त्यांनी बांधलंय. तिथे तुम्ही आवाज म्हणून नको आहात, तो त्यांच्याकडे आहे. हिशोब मांडणारं माणूस म्हणून हव्या आहात. व्यवहारात याचा अर्थ असा: उपक्रमाला सहसंचालक म्हणून तिथल्याच समाजातला प्राध्यापक घ्या, निष्कर्ष छापण्याआधी विद्यार्थी आणि पालकांच्या गटाला वाचून दाखवा, पत्रकाराने 'समाजाला काय वाटतं' विचारलं तर दुसऱ्याचा नंबर द्या. आणि सांगलीच्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांशी तुलना भाषणात करू नका. ऐकणाऱ्याला ती उसनी वाटते.

विभागप्रमुखांना पत्र पुढच्या वर्षाच्या कामवाटपावर सही होण्याआधी जायला हवं. त्यात एवढंच लिहा: सध्याच्या सेवेचे तास इतके, नेमणुकीप्रमाणे इतके अपेक्षित, अमुक दोन समित्या ठेवते, दोन या सत्राच्या शेवटी सोडते, गळतीच्या अभ्यासाचा एक पानी आराखडा सोबत जोडला आहे, संचालकपद या चार अटींवर घ्यायला तयार आहे, उत्तर अमुक तारखेपर्यंत लेखी मिळावं. कारणं देऊ नका, माफीही मागू नका. त्या तारखेपर्यंत 'बघू' एवढंच आलं, तर ते नाही समजा आणि पद घेत नसल्याचं दुसऱ्याच दिवशी लेखी कळवा.